मधल्या फळीचा मानकरी

फुलंब्रीच्या एखाद्या शाळेच्या मैदानावर मधल्या सुट्टीत फुटबॉलचा खेळ रंगला, की एक गंमत हटकून पाहावयास मिळते. चेंडू जिकडे जाईल तिकडे दोन्ही बाजूंची मुले झाडून सारी धावत सुटतात. चेंडूभोवती पायांची गर्दी होते, धुळीचा लोट उठतो आणि उरलेले सारे मैदान ओस पडते. ज्याला त्याला गोल करावयाचा असतो. मैदानाच्या मध्यावर उभे राहून, चेंडू आपल्याकडे केव्हा येईल आणि आल्यावर तो कोणाकडे धाडावा, याचा विचार करण्यास कोणीच राजी नसतो.

जाणत्या खेळाडूंच्या सामन्यात मात्र ही मधली जागा फार मोलाची ठरते. पूर्वीच्या काळी त्या जागेवर खेळणाऱ्यास ‘हाफबॅक’ किंवा नुसते ‘हाफ’ म्हणत. पुढे आघाडीचे खेळाडू, मागे बचाव करणारे फुलबॅक आणि या दोहोंच्या मधोमध हाफ, अशी रचना असे. प्रतिपक्षाने चढाई केली, की हाफने मागे धावून फुलबॅकच्या मदतीस जावयाचे. चेंडू आपल्या ताब्यात आला, की लगेच मान वर करून आघाडीचा कोणता गडी मोकळा आहे हे हेरावयाचे आणि चेंडू अचूक त्याच्या पायाशी पोहोचवावयाचा. सामन्याच्या नव्वद मिनिटांत त्याला उसंत अशी नसतेच. एवढे करून दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात नाव छापून येते ते गोल करणाऱ्याचे! सुगरणीने दिवसभर चुलीपाशी राबावे आणि वाढणाऱ्याने वाहवा घ्यावी, तशातलाच हा प्रकार आहे.

अशा या जागेवर खेळून भारताला सुवर्णपदक मिळवून देण्यात ज्यांनी मोलाचा वाटा उचलला, त्या फॉर्च्युनातो फ्रँको यांचे नाव आज फारसे कोणाच्या ओठांवर नाही. फ्रँको मूळचे गोव्याचे. गोव्याच्या मातीत फुटबॉल फार पूर्वीपासून रुजलेला आहे. 1883 मध्ये शिवोली या गावी फादर विल्यम लायन्स नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने हा खेळ प्रथम आणला, असे मानले जाते. तेथून तो गावोगावच्या शाळांत आणि चर्चसमोरच्या पटांगणांत पसरला. पुढे नोकरीधंद्यासाठी गोव्याची माणसे मुंबईस येऊ लागली. धोबी तलावाच्या परिसरात त्यांनी आपापल्या गावाच्या नावाने ‘कूड’ म्हणजे सामाईक बिऱ्हाडे थाटली. त्यांच्या पेटाऱ्यांतून मुंबईस आलेल्या गोष्टींत फुटबॉलचे वेडही होते, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही.

मुंबईत या वेडाला भरपूर वाव होता. कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स चषकाचे सामने होत. ही स्पर्धा 1891 साली सुरू झाली आणि देशातील नामांकित संघ तीत भाग घेण्यासाठी येत. शिवाय रेल्वे, बँका, गिरण्या आणि मोठमोठे कारखाने स्वतःचे संघ बाळगीत. चांगला खेळाडू दिसला, की त्याला ते नोकरी देत. अशा खेळाडूला कचेरीतील काम सांभाळून मैदानाची हजेरी चुकवून चालत नसे. आज व्यावसायिक खेळाडूंना लाखो रुपये मिळतात. त्या दिवसांत महिन्याच्या पगाराची शाश्वती हीच मोठी मिळकत होती. फ्रँको मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळले. मुंबईच्या पावसाळी मैदानाचा चिखल कसा असतो, हे ज्याने पाहिले आहे, त्याला तेथे हाफ म्हणून खेळणे किती कष्टाचे आहे हे सांगावे लागणार नाही. ओला चेंडू जड होतो, पाय रुततात, आणि सर्वांत जास्त धावावे लागते ते मधल्या माणसालाच.

या काळी भारतीय फुटबॉलचे भाग्य एका शिक्षकाच्या हाती होते. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे हे रहीमसाहेब आरंभी शाळेत शिकवीत, आणि मैदानावर उतरल्यावरही त्यांच्यातला शिक्षक कधी लपला नाही. हैदराबाद सिटी पोलीस हा त्यांनी घडविलेला संघ 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे मुंबईत येऊन रोव्हर्स चषक जिंकून गेला. त्यांच्या शिकवण्याच्या तऱ्हा मोठ्या नामी होत्या. चेंडू पायाशी घोळवीत न नेता तत्काळ सहकाऱ्याकडे धाडलाच पाहिजे, असा नियम घालून ते सामने भरवीत. कधी नुसत्या दुबळ्या पायाने, म्हणजे उजव्या पायाने खेळणाऱ्याने डाव्याने आणि डाव्याने खेळणाऱ्याने उजव्याने, खेळावयाचे असा दंडक असे. प्रथम हे पाहणाऱ्यास हसू येई. परंतु असा सराव केलेल्या मुलाला सामन्यात अडचण पडत नसे. चेंडू कोणत्याही बाजूने आला तरी तो गोंधळत नसे. रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय संघाने 1951 साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक पटकावले, आणि 1956 साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळविला. मेलबर्नला ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढविणारे नेव्हिल डिसूझा हे मुंबईचेच. फुटबॉल खेळणाऱ्या मुंबईच्या मुलांना त्यामुळे भारतीय संघ ही काही आकाशातील चांदणी वाटत नव्हती.

1960 साली रोम येथे ऑलिंपिक भरले. त्यासाठी निवडलेल्या भारतीय चमूत फ्रँको यांचे नाव होते. तेव्हा ते तेवीस-चोवीस वर्षांचे होते. ऑलिंपिकसाठी निवड होणे ही कोणत्याही तरुणाच्या आयुष्यातील केवढी मोठी गोष्ट! परंतु चमूत असणे वेगळे आणि प्रत्यक्ष मैदानावर उतरणाऱ्या अकरा जणांत असणे वेगळे. केंपैया आणि राम बहादूर यांच्यासारखे कसलेले हाफ त्या चमूत होते. शिवाय आज जसे सामना चालू असताना दमलेल्या गड्याच्या जागी दुसरा पाठविता येतो, तशी मुभा त्या काळी नव्हती. आरंभी जे अकरा उतरतील तेच अखेरपर्यंत खेळावयाचे. भारताचा पहिला सामना बलाढ्य हंगेरीशी झाला. त्यात एका गोलाच्या फरकाने, 2-1 असा पराभव पदरी आला. दुसऱ्या सामन्यात फ्रान्सला बरोबरी साधण्यासाठी झगडावे लागले आणि सामना 1-1 असा सुटला. तिसरा सामना पेरूने 3-1 असा जिंकला. भारताचे आव्हान तेथेच संपले. या तिन्ही सामन्यांत फ्रँको यांना एकदाही खेळावयास मिळाले नाही.

हजारो मैल दूर जावे, देशाचा गणवेश अंगावर चढवावा आणि एका मिनिटासाठीही मैदानावर पाऊल न टाकता परत यावे, हे वाटते तितके सोपे नाही. कित्येक होतकरू खेळाडूंची वाटचाल अशा ठिकाणीच थांबते. काही जण रुसतात, काहींचा सराव ढिला पडतो. फ्रँको यांच्या बाबतीत तसे घडले नाही, हे दोन वर्षांनी साऱ्या आशियाला दिसले. रोमला जे बाहेर राहिले होते, ते जकार्ताच्या वेळी पहिल्या अकरांत होते.

या दोन वर्षांत आणखीही एक मोठी घटना घडली होती. रोमच्या ऑलिंपिकच्या वेळी गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. 19 डिसेंबर 1961 रोजी तो मुक्त झाला. ऑगस्ट 1962 मध्ये इंडोनेशियाच्या जकार्ता शहरात चौथी आशियाई क्रीडास्पर्धा सुरू झाली, तेव्हा या घटनेला जेमतेम आठ महिने लोटले होते. त्या भारतीय फुटबॉल संघात गोव्याचे फ्रँको हे एकटेच होते.

जकार्ताला पहिल्याच सामन्यात माशी शिंकली. 26 ऑगस्ट रोजी दक्षिण कोरियाने भारताला 2-0 असे हरविले. आता एकही सामना गमावून चालणार नव्हते. पुढच्या सामन्यात भारताने थायलंडवर 4-1 असा विजय मिळविला, पण त्याची किंमत जबर पडली. बचावफळीचा आधारस्तंभ असलेले जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम झाली आणि टाके घालावे लागले. त्यांच्यावाचून संघाने जपानला 2-0 असे नमविले आणि उपांत्य फेरी गाठली. तेथे रहीम यांनी एक धाडसी बेत केला. डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नेल सिंगांना त्यांनी बचावात न ठेवता चक्क आघाडीवर, सेंटर फॉरवर्डच्या जागी उभे केले! दक्षिण व्हिएतनामविरुद्धचा हा सामना भारताने 3-2 असा जिंकला. त्यात कर्णधार चुनी गोस्वामी यांनी दोन आणि जर्नेल सिंगांनी एक गोल केला. फुलबॅकलाही आघाडीवर खेळता आले पाहिजे, ही रहीमसाहेबांची शिकवण अशा रीतीने अडीअडचणीच्या वेळी कामी आली. त्यांनी स्वतः किती मोठी अडचण अंगावर वागविली होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होते. त्या वेळी ते कर्करोगाने आजारी होते.

अंतिम सामना 4 सप्टेंबर 1962 रोजी व्हावयाचा होता आणि समोर होता तोच दक्षिण कोरियाचा संघ. परंतु भारतीय खेळाडूंना केवळ अकरा कोरियन खेळाडूंशीच झुंज द्यावयाची नव्हती. इंडोनेशियाच्या सरकारने इस्रायल आणि तैवान या देशांच्या खेळाडूंना स्पर्धेत येऊ दिले नव्हते. आशियातील देशांना असे वगळल्यावर या स्पर्धेला आशियाई क्रीडास्पर्धा म्हणता येईल काय, असा प्रश्न भारताचे प्रतिनिधी गुरुदत्त सोंधी यांनी उपस्थित केला. त्यामुळे जकार्तातील जनमत खवळले. सामन्याच्या आदल्या दिवशी जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला चढविला. सामन्याच्या दिवशी सेनायनच्या भव्य क्रीडागारात सुमारे एक लाख प्रेक्षक जमले होते आणि भारतीय संघ मैदानावर येताच त्यांनी हुर्यो उडविण्यास सुरुवात केली. त्या अफाट गर्दीत भारताच्या बाजूने ओरडणारे थोडेच होते, आणि त्यांत पाकिस्तानचे हॉकीपटू होते! हॉकीच्या अंतिम सामन्यात त्यांनी भारताला हरविले होते, पण त्या संध्याकाळी ते भारताच्या फुटबॉलपटूंना उत्तेजन देण्यासाठी तेथे बसले होते, ही गोष्ट त्या संघातील खेळाडू पुढे आवर्जून सांगत.

एक लाख लोकांच्या कल्लोळात हाफचे काम कसे अवघड होते, याची थोडी कल्पना करून पाहण्यासारखी आहे. एरवी सहकारी ओरडून सांगतो, “मागे माणूस आहे,” किंवा “मला दे.” त्या गदारोळात शेजारच्याचा शब्दही ऐकू येणे कठीण. अशा वेळी कानांचे काम डोळ्यांनी करावे लागते. चेंडू येण्यापूर्वीच चारी बाजूंना नजर फिरवून कोण कोठे आहे याचे चित्र मनात तयार ठेवावे लागते. चेंडू पायाशी आल्यावर शोधाशोध करू म्हणणारा हाफ हमखास फसतो. चेंडू पायाशी रेंगाळू न देता तत्काळ पुढे धाडण्याचे रहीम यांनी वर्षानुवर्षे दिलेले धडे याच वेळेसाठी होते.

पहिल्या अकरांत भारताने आणखी एक बदल केला. आजारामुळे आधीच्या सामन्यांत विश्रांती घ्यावी लागलेले उंचेपुरे गोलरक्षक पीटर थंगराज अंतिम सामन्यासाठी परतले. खेळ सुरू झाला. सतराव्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी कोरियाच्या जाळ्यात चेंडू धाडला आणि भारताने आघाडी घेतली. अवघी तीन मिनिटे गेली असतील नसतील, तोच भारताला फ्री किक मिळाली. ती घेण्यासाठी पुढे आले फ्रँको.

फ्री किक म्हणजे प्रतिपक्षाने नियमभंग केल्याबद्दल मिळणारी मोकळी लाथ. चेंडू जागेवर स्थिर असतो, आणि मारणाऱ्याला क्षणभर विचार करण्यास सवड मिळते. म्हणूनच ती सोपी वाटते. पण सवड त्याला मिळते तशी ती बचाव करणाऱ्यांनाही मिळते. ते आपापला माणूस धरून उभे राहतात. जोरात मारलेला चेंडू त्यांच्या अंगावर आदळून परत येतो. फ्रँको यांनी चेंडू जोराने न हाणता अलगद उचलला. बचाव करणाऱ्यांच्या माथ्यावरून तो तरंगत गेला आणि जेथे जर्नेल सिंग होते तेथे उतरला. डोक्याला पट्टी बांधलेल्या त्या बचावपटूने संधी दवडली नाही. विसाव्या मिनिटाला भारताचे दोन गोल झाले.

त्यानंतरचा तासाहून अधिक वेळ हाच खरा कसोटीचा होता. गोल करून मोकळे होणे एक आणि ते टिकविणे दुसरे. दोन गोलांनी मागे पडलेला संघ जिवावर उदार होऊन चढाया करतो, आणि त्या चढाया प्रथम येऊन धडकतात त्या मधल्या फळीवर. हाफने तेथे बांध घातला नाही, तर पूर थेट गोलरक्षकाच्या दारात येतो. प्रेक्षकांच्या आरोळ्या कोरियाच्या बाजूने होत्या. पंचाऐंशिव्या मिनिटाला कोरियाने एक गोल फेडला आणि क्रीडागार दणाणून गेले. आणखी एक गोल झाला असता तर बरोबरी! परंतु उरलेली मिनिटे भारताने निभावून नेली. पंचांची शेवटची शिट्टी वाजली तेव्हा फलकावर 2-1 असे आकडे होते. नऊ दिवसांपूर्वी ज्या संघाने हरविले होते, त्याच संघाला हरवून भारताने सुवर्णपदक जिंकले होते.

या विजयानंतर वर्षभराच्या आतच, 11 जून 1963 रोजी, रहीमसाहेबांचे निधन झाले. जकार्ताचा विजय हाच त्यांचा अखेरचा मोठा विजय ठरला. त्यांच्या जीवनावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट 2024 साली निघाला आणि त्या निमित्ताने जकार्ताच्या संघाची आठवण नव्या पिढीस झाली.

फ्रँको यांच्या खेळाला अजून बहर यावयाचा होता. 1960 साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले होते. देशातील राज्यांच्या संघांत होणाऱ्या संतोष चषक स्पर्धेत या नव्या राज्याच्या संघाने 1963-64 च्या मोसमात प्रथमच अजिंक्यपद मिळविले. मद्रास येथे झालेल्या या स्पर्धेतील विजयी संघात फ्रँको होते. मुंबई या जुन्या नावाने 1954 साली हा चषक आलेला होता. महाराष्ट्र या नावाने आला तो प्रथम तेव्हा. मलेशियातील मर्डेका स्पर्धेतही ते भारताकडून खेळले. परंतु हाफच्या जागेवर खेळणाऱ्याच्या गुडघ्यांना सर्वांत जास्त सोसावे लागते. धावता धावता एकाएकी थांबणे, वळणे, दुसऱ्याच्या पायातून चेंडू काढणे हे त्याचे नित्याचेच. गुडघ्याच्या दुखापतीने फ्रँको यांना गाठले आणि खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द, जिला अजून काही वर्षे सहज लाभली असती, लवकर आटोपली.

मैदान सुटल्यावर त्यांच्या वाट्याला फारशी प्रसिद्धी आली नाही. जकार्ताच्या संघाचा विषय निघाला, की चुनी गोस्वामी, प्रदीपकुमार बॅनर्जी आणि तुलसीदास बलराम या आघाडीच्या त्रयीचे नाव प्रथम घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. त्या तिघांच्या तोडीची फळी भारताला पुन्हा क्वचितच लाभली. फ्रँको यांचे नाव यादीत मध्ये कोठे तरी येते, जशी त्यांची मैदानावरील जागा होती तसेच. उतारवयात ते गोव्यास परतले. 10 मे 2021 रोजी, वयाच्या 84 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आशियाई क्रीडास्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक 1962 नंतर भारताकडे पुन्हा आलेले नाही.